मागच्या घरातला ओटा

पट्टीचा गवई घरात राहायला आला, की न्हाणीघरात गुणगुणायचीसुद्धा चोरी होते. या घरातल्या सूनबाईचं तसंच झालं होतं, फक्त गाण्याच्या जागी स्वयंपाक होता. तिचे सासरे हयातभर एका वसतिगृहाच्या मेसमध्ये मुख्य आचारी होते. त्यांच्या हातचं खाऊन कित्येक पोरं डॉक्टर झाली, काही इंजिनियर झाली, उरलेली नुसतीच जाड झाली. पण उपाशी कोणी राहिलं नाही. आणि सूनबाईला स्वयंपाक येत नव्हता. म्हणजे ती करायची, रोज करायची, मन लावून करायची. पण हाताला चव म्हणतात ती काही तिच्या वाट्याला आली नव्हती, आणि हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करी. तिथे केसभर फरक चालत नसे आणि तिच्या हातून तो होतही नसे. तोच हात घरी मिठाच्या बरणीत गेला की बेताल होई. नवऱ्याला याचं काही वाटत नव्हतं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळी करी, सकाळी घरी येई, समोर येईल ते खाई आणि झोपे. पंपाच्या घरघरीत त्याच्या जिभेलाही दडे बसले असावेत, असं तिचं मत होतं.

सासूबाई गेल्या, मेसनेही निरोपाचा नारळ दिला, आणि बाबा एक पत्र्याची ट्रंक घेऊन मुलाकडे राहायला आले. हॉलमधला दिवाण त्यांचा झाला, ट्रंक दिवाणाखाली गेली. पहिल्याच दिवशी सूनबाईने त्यांना वाढलं. बाबांनी ताट स्वच्छ केलं आणि म्हणाले, "छान." दुसऱ्या दिवशी भाजी करपली. "छान." तिसऱ्या दिवशी भाताचा लगदा झाला. "छान." अशी दोन वर्षं गेली. रोज परीक्षा द्यायची आणि मास्तरांनी पेपर न तपासताच पास करायचं, यातला अपमान ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. त्यापेक्षा एकदा ताट भिरकावलं असतं तर बरं, असं तिला वाटे.

बाबा स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. पाणी हवं असलं तरी उंबऱ्याबाहेर उभे राहून मागायचे. सूनबाईने त्याचा अर्थ लावला होता, की जन्मभर धुरात राबलेला माणूस, आता त्याला शेगडीचं तोंडही बघायला नको. आल्या-आल्या एकदा चहा घेताना ते म्हणाले होते, "आमच्याकडे एका भटारखान्याला एक आचारी. दुसऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, तर हातावर पळी बसायची." ती हसली होती आणि विसरून गेली होती.

पण संध्याकाळी ती दुकानातून परतली की बाबा फाटकाशी उभे असायचे. तिच्या हातातली पिशवी घ्यायचे आणि विचारायचे, "आज कोणाला दिसायला लागलं?" मग ती सांगायची: एका आजोबांना नवा चष्मा लावल्यावर बायको बरीच म्हातारी दिसली आणि ते घाबरले, एका मुलीला झाडाला सुटी-सुटी पानं असतात हे आजच कळलं. बाबा प्रत्येक गोष्टीला मनापासून हसत. तिच्या स्वतःच्या वडिलांनी तिला कधी दिवस कसा गेला असं विचारलं नव्हतं. त्यामुळे या पाच-दहा मिनिटांवर तिचा फार जीव होता.

आणि एका संध्याकाळी पिशवी हातात घेऊन बाबा म्हणाले, "मी परत जावं म्हणतो. मेसचा नवा आचारी माझ्या हाताखालचाच. मागची खोली देतो म्हणाला. कांदे सोलायला बसेन."

"इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही गं. हा दिवसभर झोपतो, मी हॉलमध्ये. खोकला आला तरी गिळून टाकतो. त्याची झोप होत नाही, माझा दिवस जात नाही. घर लहान आहे, यात कोणाचा काय दोष?"

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तिला आणखी वाईट वाटलं. तिला ते जायला नको होते. सकाळी नवरा पाळीवरून आल्यावर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांना बरं वाटत असेल तर..." हा माणूस वाक्य अर्ध्यात सोडण्यात तरबेज होता. मग तिनेच विचार सुरू केला. घरामागे मोकळी जागा होती. एक लिंबाचं झाड, कपड्यांची दोरी आणि कोणी न चालवलेली सायकल. एका घराच्या आवारात मागे दुसरं छोटं घर बांधायला आता परवानगी मिळते, हे वाचायचा चष्मा न्यायला आलेल्या एका ठेकेदाराने तिला सांगितलं होतं. "बाबा, थोडं थांबा," ती म्हणाली. "तुम्हाला मागे घर बांधू." बाबांनी ट्रंक दिवाणाखाली सारली, पण पूर्ण आत नाही.

बांधकाम परवानगी खात्याच्या खिडकीमागे बसलेल्या बाई कोणालाही हसून दाखवायच्या नाहीत. त्यांचा चष्मा डावीकडे कलला होता. सूनबाईचं निम्मं लक्ष त्या कललेल्या दांडीकडेच होतं, कारण धंद्याची सवय सुटत नाही.

"मागचं घर पुढच्याच्या निम्म्याहून मोठं नको," बाई म्हणाल्या. "हद्दीच्या भिंतीला चिकटवायचं नाही, मध्ये माणूस फिरेल एवढी जागा सोडा. रस्त्यापासून मागच्या दारापर्यंत वेगळी वाट हवी. आग लागली तर बंबवाले तुमच्या हॉलमधल्या चपला ओलांडत जाणार नाहीत. मालकाने दोन्हींपैकी एका घरात स्वतः राहायचं. झाड तोडायचं असेल तर त्याचा वेगळा अर्ज. बाकी सगळं छापील आहे, घरी नेऊन वाचा."

"झाड नाही तोडणार," सूनबाई म्हणाली. बाकीचं छापील मात्र तिने वाचलं नाही. बारीक अक्षर दिवसभर वाचणाऱ्या माणसाला घरी आणखी बारीक अक्षर नको असतं.

ठेकेदाराने ओळखीचे नकाशेवाले पाठवले. बडबडे गृहस्थ. खांद्याला गुंडाळी, कानामागे पेन्सिल. टेपचं एक टोक बाबांनी धरलं आणि लिंबाच्या झाडाला वळसा घालत दोघांनी आवार मोजलं. बाबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रंग आला होता. "खिडकी उगवतीला ठेवा," असं त्यांनी सांगितलं तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरातून ऐकत होती, आणि त्या आनंदात तिच्या हातून दूध उतू गेलं.

नकाशा आला. एक खोली, न्हाणीघर, संडास आणि उगवतीच्या खिडकीखाली ओटा. ओट्यावर शेगडीची दोन गोल वर्तुळं. ती वर्तुळं सूनबाईला खुपली. वेगळी चूल! जग काय म्हणेल ते म्हणो, जगाला ती घाबरत नव्हती. पण बाबांना काय वाटेल? सुनेने आधी परसात काढलं आणि वर शेगडी दिली हातात: घ्या, आता तुमचं तुम्ही करून खा. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं भरली, त्याला म्हातारपणी कोणी आयतं वाढू नये? तिने दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीतून नकाशेवाल्यांना फोन केला. "ओटा काढून टाका. तिथे कपाट दाखवा."

"तुम्हीसुद्धा?" असं काहीसं पुटपुटून ते म्हणाले, "ताई, अडकेल हं ते."

"बघू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नव्या नकाशात ओट्याच्या जागी कपाट आलं. बाबांनी तो कागद उजेडात धरून पाहिला. "छान," ते म्हणाले. तेच ते, करपल्या भाजीचं 'छान'. सूनबाईला ते खटकलं, पण का खटकलं ते समजलं नाही.

नियमाप्रमाणे फाटकावर पाटी लागली: इथे दुसरं घर बांधायचं आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर ती रोज फिरायला जाताना वाचत आणि येताना पुन्हा वाचत. शेवटी एके दिवशी ते आत आले. "हरकत काही नाही," ते म्हणाले, "पण हरकतीला जागा ठेवलीये आणि ती कोरी राहिली, हे बरं दिसत नाही." बाबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला. चहा सूनबाईने केला होता. त्यानंतर पोस्टमास्तर हरकत घ्यायला पुन्हा आले नाहीत.

मग खात्याचं उत्तर आलं. दारात बाबाच होते. त्यांनी ते हॉलमध्ये उभ्यानेच मोठ्याने वाचलं: "सबब सदर बांधकाम सामान साठवण्याची खोली समजण्यात येईल व तीत मनुष्यवस्ती करता येणार नाही." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "बरोबरच आहे," ते म्हणाले. "जुनं सामान ठेवायलाच तर बांधत होतो." ते स्वतःच हसले. बाकी कोणी हसलं नाही. त्याच दुपारी ट्रंक दिवाणाखालून पूर्ण बाहेर आली आणि धुतलेल्या शर्टांच्या घड्या तिच्यात जाऊ लागल्या. "रविवारी निघतो," बाबा म्हणाले. "तुझी फार धावपळ झाली."

सूनबाईला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला राग येतो. "रविवार लांब आहे," ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर त्या ऑफिसात चला. मग जायचं तर खुशाल जा."

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. नकाशेवाले तिथे होतेच. ते तिथेच असत, दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला. खिडकीमागच्या बाईंनी कलत्या चष्म्यातून नकाशा पाहिला.

"राहतं घर म्हणजे झोपायची जागा, न्हाणीघर आणि स्वयंपाकाची सोय," त्या म्हणाल्या. "तिन्ही हवं. इथे तिसरं नाही. ज्या घरात चहासुद्धा होत नाही त्याला आम्ही घर म्हणत नाही, कोठी म्हणतो. कोठीत पोती ठेवा, माणूस नको."

"मॅडम, मी आधी दाखवला होता ओटा!" नकाशेवाले मागून पुढे घुसले. आपल्या कामावर ठपका यायच्या आत त्यांना बोलून घ्यायचं होतं. "मला काढायला लावला."

"कोणी?"

"या ताईंनी." सूनबाईने मान खाली घातली. "आणि या काकांनी."

सूनबाईने झटकन वर पाहिलं. बाबा भिंतीवरची 'थुंकू नये' ही सूचना अत्यंत लक्ष देऊन वाचत होते.

"काका सकाळी चालत माझ्याकडे आले," नकाशेवाल्यांना आता अडवणं शक्य नव्हतं. "म्हणाले, सूनबाईला सांगू नका, पण ओटा खोडा. मी म्हटलं, अडकेल. म्हणाले, बघू. दुपारी ताईंचा फोन, ओटा काढा. अडकेल म्हटलं, तर त्याही म्हणाल्या, बघू. मी म्हटलं, अख्खं घरच ओट्याच्या जिवावर उठलंय, तर आपण का मध्ये पडा?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "का, ते मला कुठे लिहावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला ऐकायचंय."

रांगेतल्या लोकांनाही ऐकायचं होतं. रांग दोन पावलं पुढे सरकली.

"मला वाटलं, बाबा म्हणतील सुनेने वेगळं काढलं," सूनबाई म्हणाली. "आणि इतकी वर्षं राबून हात थकलेत त्यांचे. आता तरी कोणी आयतं वाढावं त्यांना."

"आणि मला वाटलं," बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "मी शेगडी मागितली, तर हिला वाटेल म्हाताऱ्याला आपल्या हातचं गोड लागत नाही."

"मग लागतं का?"

हे तिच्या तोंडून निघून गेलं. दोन वर्षं जिभेवर अडकलेला प्रश्न नको तिथे, अनोळखी माणसांच्या रांगेसमोर सुटला. बाबांनी पंख्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. सुटका नव्हती.

"पोट भरतं," ते म्हणाले.

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सूनबाईलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "आणि दोन वर्षं 'छान' म्हणताय!"

"मग काय म्हणू? ज्याला स्वतःची शेगडी नाही, त्या आचाऱ्याने दुसऱ्याच्या पातेल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आमच्या मेसचा नियम आहे. त्या घरात आचारी तू. मी जेवणारा. जेवणाऱ्याने छान म्हणायचं आणि उठायचं."

"म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात येत नव्हता? मला वाटायचं, थकलात."

"थकलो?" बाबांनी दोन्ही हात पुढे केले. पंजे रुंद होते, बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते. "हे हात झोपेत कांदा चिरतात पोरी. तिकडे जायचं होतं ते कांद्यासाठीच. नाहीतर तिथे माझं कोण आहे?"

या माणसाला आराम द्यायचा म्हणून आपण त्याला दोन वर्षं रिकामं बसवून ठेवलं, आणि त्याने आपलं मन राखायला निमूट बसून घेतलं. तिने त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात असा कधी धरला नव्हता; पण इथे आता लाजायचं काही उरलंही नव्हतं.

"तर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नाक ओढलं, "ओटा हवा की नको? अर्जदाराने सांगायचं."

"हवा," सूनबाई म्हणाली. "मला माझं स्वयंपाकघर मोकळ्या मनाने नासवायला हवंय, आणि यांना यांचं हवंय."

"खिडकीखालीच," बाबा लगेच म्हणाले, जणू जागा कोणी पळवणार होतं. "उंची जरा कमी ठेवा. आणि मोरी डाव्या हाताला."

नकाशेवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली. सूनबाईने मात्र खिडकीतून हात आत घातला. "मॅडम, एक मिनिट द्या तो चष्मा. मघापासून बघवत नाहीये." तिने दांडी बोटांनी बेताने वाकवली, उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तो सरळ बसला. "मंजुरी व्हायच्या आधी असं काही करत जाऊ नका," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "लाच दिसते." पण त्या हसल्या, आणि रांगेतल्या एका जुन्या माणसाने हे याआधी कधी घडलं नव्हतं असं नंतर बाहेर सांगितलं.

रविवारी बाबा गेले नाहीत. मंजुरी आली, पाया खणला, भिंती चढल्या. लिंबाच्या झाडाला पोत्याचं कापड गुंडाळून जपलं. बाबा दिवसभर गवंड्यांच्या मागेमागे असत आणि मोकळेपणाने खोकत असत. नवरा पाळीवरून आल्यावर थोडा वेळ विटांवर बसे आणि "बरं झालं..." एवढंच म्हणे. या वेळी वाक्य अर्धं असलं तरी चाललं.

राहायला जायच्या दाखल्याआधी बाई स्वतः पाहायला आल्या. त्यांनी भिंतीपासूनचं अंतर मोजलं, वाट पाहिली, नळ सोडून पाहिला. "शेगडी चालते का?" असं विचारताच बाबांनी काडी ओढली, आधण ठेवलं, आलं ठेचलं. चहाचा वास खोलीभर झाला. बाईंना अर्जदाराकडचं काही घेता येत नव्हतं. त्यांनी कपाकडे पाहिलं, एकदा खोल श्वास घेतला आणि 'स्वयंपाकाची सोय आहे' असं लिहिलं.

बाबा मागे राहायला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी तिघांसाठी म्हणून जे शिजवलं ते पोस्टमास्तरांच्या घरी, गवंड्यांच्या घरी आणि पंपावर पोचलं, तरी उरलं. सवयीने ते पातेल्यावर पळी वाजवून "पुढचा!" असं ओरडले, आणि रांगेत फक्त सूनबाई आणि तिचा नवरा होता. ती जेवताना थांबली. बटाट्याची साधी भाजी होती. आपण इतकी वर्षं बटाट्याला काय समजत होतो, असं तिला वाटलं. "छान," ती म्हणाली आणि जीभ चावली. पत्र्याची ट्रंक ओट्याखाली उघडी पडली होती. तिच्यात कांदे भरले होते.

तेव्हापासून संध्याकाळचं जेवण मागे आणि सकाळचं पुढे, असं ठरलं. असंच काही दिवस गेले. मग एका सकाळी ती आपल्या शेगडीपाशी घाईत होती, दुकानाची वेळ होत आली होती, तेवढ्यात दाराशी खोकल्याचा आवाज आला. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. कमरेला स्वतःच्या स्वयंपाकघरातलं फडकं खोचलेलं, हातात पळी.

"शेजारचा आचारी आहे," ते म्हणाले. "आत येऊ का?"

"या ना."

ते उंबरा ओलांडून आत आले. इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदा. पातेल्यापाशी थांबले. "झाकण उचलू?"

सूनबाईने मान हलवली. बाबांनी झाकण उचललं, पळीच्या टोकाने थोडं घेतलं, फुंकर घातली, चाखलं. डोळे मिटले. ती पाहुण्यांपुढे दाखवायला आणलेल्या मुलीसारखी ताटकळत उभी राहिली.

"मीठ जास्त झालंय, बटाटा घालून ओढून घ्यावं लागेल," बाबा म्हणाले. "आणि खालून लागलंय. हलवू नकोस, वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घे."

सूनबाई ओट्याला टेकून हसायला लागली, आणि मग तिचं हसू काही केल्या आवरेना. डोळे पुसत तिने दुसरं भांडं घेतलं. पाहुणा कधी असं बोलत नाही.

"काय झालं गं?" बाबा घाबरून म्हणाले. "वाईट वाटलं?"

"नाही," ती म्हणाली. "बटाटा किती घालू, ते सांगा."